सोमवारचं पिवळं पोर

या, असे पुढं सरका. चटई मोठी आहे, आणि ही गोष्ट ओरडून सांगण्याजोगी नाही. तान्हं निजलेल्या घरात बोलतात ना, तशाच आवाजात सांगावी लागते. विहारात दरसाल सूर लावून गातात ते दानशूर राजपुत्राचं आख्यान तुम्ही ऐकलेलं आहे. ही गोष्ट त्या आख्यानातली नाही. पण त्या पोथीला आज जे कापड गुंडाळलेलं आहे, ते उलगडलं की पहिल्या ओळीतले लोक नाक मुरडतात, आणि थोरले भंते मात्र ते कपाळाला लावतात. त्या कापडाला तो वास कुठून आला ते आज सांगतो.

वरच्या पाड्यावर उई फोंगखाम राहायची. उई म्हणजे आजी. तिला सगळा डोंगर उईच म्हणे, तिच्याहून चार पावसाळे थोरली असलेली माणसंसुद्धा. तिचं काम मियांगचं. रानातल्या चहाची पानं खुडायची, मुठीमुठीच्या जुड्या बांबूच्या पातीनं बांधायच्या, लाकडी पिंपात वाफवायच्या, गार झाल्या की केळीच्या पानांनी मढवलेल्या टोपल्यांत दाबून भरायच्या आणि वरून दगड ठेवायचे. महिनाभरानं पान आंबतं, तुरट-आंबट होतं, मग ते मिठाच्या खड्याबरोबर गालात धरून माणसं दिवस काढतात. पाहुणा आला की मियांग, मर्तिक झालं की मियांग, प्रवचनाला बसलं की मियांग. गालात जुडी नसेल तर आमच्याकडं कुणाला आख्यान गोडच लागत नाही.

काम सोपं दिसतं. पण वाफेच्या चुलीपाशी उभं राहून उईची कंबर कधीच गेली होती. डोळ्यांतून धुरानं पाणी यायचं ते आता धूर नसतानाही येई. "मी रडत नाही गं," ती शेजारणींना सांगे, "हे चुलीचं पाणी आहे, उरलेलं." त्या वर्षी शेवटची खुडणी चालू असतानाच तिची एकुलती लेक पिम्फा तालुक्याच्या दवाखान्यात बाळंत झाली. मुलगा झाला. सोमवारी झाला.

बुधवारी जावई इंता दोघांना पिकअपमध्ये घालून घरी घेऊन आला. उई पिंपाखालचा जाळ ओढून उठली, हात धुतले आणि पहिलं काम काय केलं, तर माजघरातली पत्र्याची पेटी उघडली.

पेटीत तिच्या आईचं सिन होतं. आमच्या बायका कमरेला नेसतात ते; पण हे नेसायचं नव्हतं. काळ्या जमिनीवर लाल-पिवळ्या नक्षीचा पदर, धुऊन धुऊन लोण्यासारखा मऊ झालेला. आमच्यात आजीच्या सिनात नवं पोर गुंडाळतात. आईच्या पोटातून निघालं ते आजीच्या पोटाशी जाऊन निजलं, अशी भावना. लढाईला जाणारे पोरगेसुद्धा आईच्या सिनाची चिंधी गळ्यात बांधून जायचे. भुताखेताची काय बिशाद मग! पेटी उघडली की एक गार, झणझणीत वास घरभर पसरे. कोपऱ्यांत पांढऱ्या गोळ्या होत्या, झिजून वाटाण्याएवढ्या झालेल्या; दर पावसाळ्यानंतर उई त्यांत ताज्या टाकी. त्या वासाला घरात कुणी गोळ्यांचा वास म्हणत नसे. तो आजीचा वास. पिम्फा लहानपणी ताप आला की पेटीवर डोकं ठेवून निजायची.

"तीन दिवस भुताचं, चौथ्या दिवशी माणसाचं," असं म्हणत उईनं बाळाला सिनात गुंडाळलं. हे आमच्याकडचं जुनं बोलणं. मागल्या जन्मीची आई पोराच्या मागं मागं येते, आणि पहिले दिवस ती उंबऱ्यापाशी घुटमळत असते, पोर परत न्यायला. म्हणून पोराला सुपात घालून हलवतात, म्हणतात, ने बाई तुझं असेल तर आत्ताच ने, नाहीतर पुन्हा फिरकू नकोस. म्हणूनच कुणी पोराला गोजिरं म्हणत नाही. शेजारची सुईण केओमून आली, तिनं वाकून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"ई! काय ध्यान आहे! बेडूक नुसता."

"बेडूकच आहे," पिम्फा हसून म्हणाली. "त्याचं नाव बेडक्याच ठेवलंय."

"शोभतंय हो. असाच कुरूप राहा रे बाबा, म्हातारा होईपर्यंत."

उई हसली नाही. ती सिनाची गाठ पुन्हा पुन्हा सैल करून घट्ट करत होती. केओमूनला ठाऊक होतं ती का हसत नाही. लेकीला अर्धंमुर्धं ठाऊक होतं. पिम्फाच्या आधी उईला एक मुलगा झाला होता. त्या वेळी ही पेटी उईच्या माहेरी, दरीपलीकडं होती. सिन यायला दोन दिवस लागले. पोर तोवर चांगलं धडधाकट होतं, छातीला चिकटून दूध ओढत होतं. मग सिन आलं, त्यात गुंडाळलं, आणि आठवडा भरायच्या आत ते पिवळं पडून गेलं. सगळे म्हणाले, उशीर झाला. उघडं राहिलं ते दोन दिवस, तेवढ्यात त्या मागल्या जन्मीच्या आईनं हात लावला. पिम्फाच्या वेळी उईनं पेटी आधीच आणून ठेवली, पहिल्या रडण्यालाच पोरीला सिनात घेतलं, आणि पोरगी जगली. डोळ्यांनी पाहिलेला पुरावा! आता नातवाच्या वेळी पुन्हा दोन दिवस दवाखान्यात उघडे गेले होते. म्हणून उई गाठ घट्ट करत होती.

शुक्रवारी बाळ पिवळं दिसू लागलं. आधी डोळ्यांचे कोपरे, मग नाक, मग छाती.

आमच्याकडं वाराला रंग असतो. मंगळवार गुलाबी, शुक्रवार निळा, सोमवारचा पिवळा. केओमून पुन्हा आली आणि टाळी वाजवून म्हणाली, "घ्या! सोमवारचं पोर, सोमवारचा रंग! हा काही बेडूक नव्हे, हा तर भिक्षूचं पिवळं चीवर अंगावर घेऊनच आलाय. हा भंते होणार बघ."

इंता खूश झाला. त्यानं बाहेर जाऊन दोघाचौघांना सांगितलंसुद्धा. उईला मात्र आपला थोरला आठवला. पण तिनं स्वतःची समजूत घातली, की त्या वेळी सिन घरात नव्हतं, आता आहे. हे पिवळं वेगळं असेल, सोमवारचं असेल. माणूस थकला की जे ऐकायला बरं वाटतं त्यावर विश्वास ठेवतो. तिनं रात्रंदिवस बाळाला सिनातून बाहेर काढलं नाही.

शनिवारी सकाळी बाळ दूध ओढेना. लंगोट ओला झाला तो कडक चहासारखा तपकिरी. इंतानं एकदा लंगोटाकडं पाहिलं, एकदा सासूकडं, आणि मुकाट्यानं पिकअपची चावी घेतली.

*

दवाखान्यात बाळाला काचेच्या पेटीत निळ्या दिव्याखाली ठेवलं. अंगावर कपडा नाही, डोळ्यांवर पट्टी. पिम्फा बाकावर कोसळली तशीच बसून राहिली. डॉक्टरांनी सांगितलं, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटताहेत, त्यातून हा पिवळा रंग निघतोय. रंग फार चढला तर मेंदूत उतरतो. मग पोर जगलं तरी ऐकणं, चालणं सगळंच कठीण. दिव्यानं उतरला तर ठीक. नाही उतरला तर शहरात न्यायचं, सगळं रक्त बदलायचं.

"सगळं?" इंतानं विचारलं.

"जवळजवळ सगळं."

"मग तो आमचा कसा राहील?" तो भाबडेपणानं म्हणाला, आणि डॉक्टर पुढच्या खाटेकडं वळले.

त्या विभागाची नर्स विलावन म्हणून होती. सखल भागातली, बोलायला फटकळ, पण हात हलका. बाळाच्या टाचेतून रक्त काढताना ती स्वतःच ओठ चावी. तिनं पिम्फाला एकामागून एक प्रश्न विचारले. तू कोणतं औषध घेतलंस? बाकल्याच्या जाड शेंगांचे दाणे खाल्लेस? बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या टाकता का?

"नाही हो. बाळाचे कपडे सगळे नवे आहेत. आमच्या घरात वास आहे तो एक मियांगचा."

पिम्फा खोटं बोलत नव्हती. पेटीतला वास तिच्या लेखी आजीचा होता, गोळ्यांचा नव्हे. आणि उई त्या वेळी गरम पाणी आणायला खाली गेली होती.

दिव्याखाली पहिल्या दिवशी पिवळा रंग थोडा उतरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा चढला. विलावननं कागद पाहिला, दिवा तपासला, पुन्हा कागद पाहिला. "दिवा चालू, दूध चालू, आणि हा चढतोय कसा? कुणीतरी मागच्या दारानं सरपण घालतंय जणू."

दर दोन-तीन तासांनी बाळाला दूध पाजायला बाहेर काढत. विभागात गारवा सोडलेला होता. पिम्फा कुडकुडे. मग उई आपल्या खांद्यावरचं सिन लेकीच्या मांडीवर पसरी, त्यात बाळाला घेई आणि टोक त्याच्या डोक्यावरून आणी. पोर पिऊन निजलं की पुन्हा काचेत, आणि सिन पुन्हा उईच्या खांद्यावर. फरशीला फिनेलचा उग्र वास होता. त्यात दुसरा कुठला वास कुणाच्या ध्यानात येणार?

बसून बसून उईचे पाय सुजले होते. ती काचेला कपाळ टेकून हळू आवाजात आख्यान गुणगुणे. तिचा अध्याय ठरलेला होता. राजपुत्राची बायको रानातून फळं घेऊन परत येते आणि पोरं कुठं दिसत नाहीत; राजपुत्रानं ती दान देऊन टाकलेली असतात. ती आश्रमात शोधते, पाणवठ्यावर शोधते, ती नेहमीच्या झाडाखाली हाका मारते. दर वर्षी त्या अध्यायाचं यजमानपण उईकडं असे. तो सूर लागला की सगळा विहार डोळे पुसतो, आणि उई एकटी रडत नाही. तिच्या डोळ्यांत चुलीचं पाणी तेवढं असे. या वर्षीचं आख्यान चार दिवसांवर आलं होतं, आणि तिच्या टोपल्या तशाच अर्ध्या भरून राहिल्या होत्या. हवा लागून वरची पानं काळी पडली असतील, असं तिच्या मनात आलं, आणि लगेच वाटलं, पडोत.

तिसऱ्या दिवशी इंता एक बाटली घेऊन आला. जांभळी बाटली, तिच्यावर मँगोस्टीनच्या फळाचं चित्र आणि पळणाऱ्या माणसाचं.

"नर्सबाई, हे घ्या. बाजारात भोंगा लावून गाडी आली होती. अँटिऑक्सिडंट! शरीरातला गंज काढतं. म्हणाला, रक्त नव्यासारखं होतं."

"कुणाच्या तोंडात घालणार?"

"बेडक्याच्या. थेंब थेंब."

"ते तूच पी," विलावन म्हणाली. "गंज तुझ्या डोक्यावर चढलाय. आठवड्याच्या पोराला आईचं दूध, बाकी काही नाही. पाण्याचा थेंबसुद्धा नाही. समजलं?"

इंता ओशाळला. बाटली तशीच हातात धरून म्हणाला, "तो भोंगेवाला म्हणत होता, सगळे रोग गंजानंच होतात."

"अर्धं खरं बोलत होता. अर्धं खरं बोलणारेच माल खपवतात." मग तिचा आवाज जरा उतरला. "शहरातून रक्ताचा कागद आलाय. तुमच्या पोराला खरंच गंजाचाच आजार आहे. बसा, सांगते."

ती बाकाच्या कडेला टेकली. पिम्फाच्या मांडीवर सिनात बाळ होतं, दूध पीत नुसतंच पेंगत होतं. विलावन काही सांगणार, तोच ती थांबली. नाक पुढं केलं. आणखी वाकली.

"उई, ह्या कापडाला वास कसला?"

"माझ्या आईचा," उई म्हणाली.

"ते झालं. कापड ठेवता तिथं काय टाकता?"

"कसर लागू नये म्हणून पांढऱ्या गोळ्या. बाजारात मिळतात त्या."

विलावन उठली. तिनं बाळाला अलगद उचललं, सिन खाली राहिलं, बाळ उघडं तिच्या छातीशी. ते तिनं काचेत ठेवलं, दिवा लावला, पट्टी नीट केली आणि मग वळली. तिचा चेहरा रागावलेला नव्हता, दमलेला होता.

"त्याच डांबरगोळ्या. त्यांची वाफ कापडात मुरते, श्वासातून जाते, कातडीतून जाते. तुम्ही-आम्ही हुंगलं तर डोकं दुखेल फार तर. ह्याच्या रक्ताला ती जाळते."

"कापड जाळतं?" उई म्हणाली. "माझ्या आईचं सिन?"

"उई, तुम्ही मियांग करता ना? पान खुडून चुरगाळून ठेवलं तर काय होतं?"

"काळं पडतं."

"कशानं?"

"हवेनं. म्हणून तर लगेच वाफवायचं. वाफवून दाबायचं."

"तर हीच हवा. तिच्याशिवाय जगता येत नाही, आणि तीच थोडं थोडं जाळत असते. झाडसुद्धा उन्हात उभं असतं ते पानात तुरट रस राखून. तो रस त्याचा रखवालदार. आपल्या रक्तातही असे रखवालदार असतात, जळणं विझवणारे. ह्या पोराच्या रक्तात त्यांतला एक जन्मतःच कमी आहे. एरवी त्याला काही होणार नाही. खेळेल, मोठा होईल, तुमच्यासारखा म्हातारा होईल. पण काही गोष्टी त्याला चालत नाहीत. काही औषधं, त्या जाड शेंगा, आणि ह्या गोळ्या. त्या आल्या की जाळ वाढतो आणि विझवणारा नसतो. पेशी फुटतात. निळा दिवा रंग उतरवतो, आणि दर दुधाला आपण पुन्हा जाळ घालतोय."

पिम्फा रडू लागली. उईनं सिन उचलून पोटाशी धरलं.

"नाही," ती म्हणाली. "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात, तुमचं चुकत नसेल. पण हे सिन काढलं तर पोर उघडं पडेल. ही माझी पोरगी ह्याच सिनात जगली. पहिल्या क्षणापासून ह्यातच होती. तिला का नाही जाळलं?"

"कारण ती मुलगी आहे. हा दोष आईकडून येतो. मुलीला आईचा एक वाटा आणि बापाचा एक. एक अधू निघाला तरी दुसरा सांभाळून घेतो. मुलाला एकच, आईचा. तो अधू असला की संपलं." मग विलावननं सहज, नोंद करावी तसं विचारलं, "तुम्हाला मुलगा होता का, उई?"

काचेच्या पेटीचा पंखा घुर्र घुर्र चालू होता. इंतानं बाटली दुसऱ्या हातात घेतली. उईनं काचेतल्या पोराकडं पाहिलं.

तिला ते दोन दिवस दिसले. दरीपलीकडून सिन येईपर्यंतचे. पोर उघडं होतं ते दिवस. ते दोन दिवस तो छातीला चिकटून होता, मुठीनं तिचं बोट ओढत होता, त्याचा रंग भाजक्या विटेसारखा तांबूस होता. मग भाऊ धापा टाकत आला, पेटी उघडली, वास पसरला, सगळ्यांना हायसं वाटलं. आणि तिनंच त्याला गुंडाळलं. तो रडला तशी आणखी घट्ट गुंडाळलं. उशीर झाला म्हणून तिनं आयुष्यभर स्वतःला दोष दिला होता, आणि त्या उशिरातच तर तो श्वास घेत होता.

"होता," ती म्हणाली.

विलावनला सगळं कळलं असावं. उईच्या खांद्यावर हात ठेवावा म्हणून तिनं हात उचलला, पण पोटाशी धरलेल्या सिनाचं टोक खांद्यावर आलं होतं, आणि त्याच हातानं पोराला घ्यायचं होतं; हात तसाच खाली आला.

आता पाहा, इथं कुणी उईच्या हातातून ते कापड ओढून घेतलं नाही. विलावननं घेतलं नाही, लेकीनं घेतलं नाही. दोघी पाहत राहिल्या. ज्या कापडावर उईनं सगळं आयुष्य तोललं होतं, ते तिनंच खाली ठेवायचं होतं. आणि खाली ठेवणं म्हणजे थोरला आपल्याच हातानं गेला, हे कबूल करणं. नाही ठेवलं तर हा नातूही जाणार. राजपुत्राला दान देताना कुणी जुलूम केला नव्हता, तसंच हेही.

उईनं सिनाची घडी घातली. नक्षी आत, काळी बाजू बाहेर. मग म्हणाली, "पिम्फा, तुझे अंगावरचे कपडे सगळे बदल. माझ्या अंगालाही तो वास असेल. मी खाली बसते. पोर बरं होईपर्यंत मी त्याला शिवणार नाही."

"आई, अगं हात धुऊन ये की वर..."

"नाही. मी खाली बसते."

*

ती दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसली, फणसाच्या झाडाखाली. घडी बाजूला ठेवलेली, वाऱ्याच्या दिशेनं, दारापासून लांब. येणारे-जाणारे तिला वळसा घालून जात. इंता भात आणून देई, ती दोन घास खाई. तिचा देह इतका थकला होता की दुःखालासुद्धा त्यात बसायला जागा नव्हती. ती नुसती बसे, आणि मध्येच तिचे ओठ हलत. तो अध्याय, ती हाक, ते नेहमीचं झाड.

दुसऱ्या दिवशी इंता जिने उतरत आला. पायात चपला नव्हत्या.

"उतरला," तो म्हणाला. "आई, उतरला रंग. कालच्यापेक्षा पुष्कळ. नर्सबाई म्हणाल्या, असाच उतरत राहिला तर शहराला जायचं नाही."

उईनं मान हलवली.

"ऐकलंस ना? हसशील तरी जरा!"

"हसते रे. थांब जरा. इतक्या खालून यायला वेळ लागतो."

त्यानंतर रंग उतरतच गेला. बाळ दूध ओढू लागलं, इतकं की पिम्फा ओरडे. ज्या दिवशी घरी सोडलं त्या दिवशी विलावन स्वतः त्याला घेऊन खाली आली. उईनं हात कोपरापर्यंत धुतले होते, अंगावर इंताचा जुना सदरा होता.

"घ्या तुमचा बेडूक," विलावन म्हणाली. आमच्यात राहून ती रीत शिकली होती. "सात वर्षं ह्या विभागात काढली, पण इतकं कुरूप पोर पाहिलं नाही. काय ते नाक! काय ते कान!"

"हो ना," उई म्हणाली आणि तिनं त्याला घेतलं. "ओंगळ मेला." आणि तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते चुलीचं नव्हतं.

*

आख्यानाचा दिवस तो पौर्णिमेचा. उई दुपारी विहारात पोचली तेव्हा तिचा अध्याय यायला अजून वेळ होता. खांबांना केळीचे खुंट आणि ऊस बांधलेले, माणसं गालात मियांग धरून मांडी घालून बसलेली. ती थेट पुढं गेली नाही. बाजूच्या ओट्यावर थोरले भंते तोंड धुवत होते. सकाळपासून गाऊन त्यांचा आवाज बसला होता. तिनं तीनदा नमस्कार केला आणि सगळं सांगितलं. थोडक्यात सांगितलं, लांबवायला तिच्यात बळ नव्हतं.

भंतेंनी तोंड पुसलं. मग म्हणाले, "तथागतांनी हेतूलाच कर्म म्हटलंय, फोंगखाम. तू त्याला झाकायला गेलीस. मारायला नाही."

"ते कळतं, भंते. हात मात्र माझेच होते."

"हो," भंते म्हणाले. "हात तुझेच होते." त्यांनी तेवढंच म्हटलं, आणि उईला त्यातच बरं वाटलं, दुसऱ्या कुणी तिला तेवढंही म्हणू दिलं नसतं.

तिनं घडी पुढं केली, हात लांब करून. "हे जाळणार होते. पण आईच्या हातचं विणलेलं आहे, मन होईना. बायका पोथीला सिन देतात ना, गुंडाळायला? पोथीला श्वास नसतो. तिला कसर लागते, वाळवी लागते. तिथं तरी ह्याचा वास उपयोगी पडेल. फक्त तान्हं घेऊन कुणी बाई पुढं बसली तर तिला मागं बसायला सांगा."

भंतेंनी घडी घेतली, हुंगली आणि शिंकले. "वाळवी ह्या गावातूनच पळेल," ते म्हणाले. मग कपाळाला लावली.

त्या दिवशी तिचा अध्याय भंतेंनी स्वतः गायला, बसलेल्या आवाजात. आई रानातून परतते. आश्रमात शोधते, पाणवठ्यावर शोधते. सूर फाटत होता आणि भंते तो तसाच पुढं नेत होते. उई खांबाला टेकून ऐकत होती; गालात मियांगची जुडी होती, तिची नव्हे, केओमूननं दिलेली. कंबर दुखत होती. अर्ध्या टोपल्या घरी तशाच होत्या, त्या उद्या उपसायच्या होत्या.

अध्याय संपल्यावर उदक सोडायचं असतं. यजमानानं लहान पितळी भांड्यातून पाण्याची धार धरायची आणि पुण्य ज्याला द्यायचं त्याचं नाव घ्यायचं. इतकी वर्षं उई म्हणत आली होती, 'त्या भूतआईला पोचो, आणि तिनं नेलेल्याला पोचो.' त्या दिवशी तिनं धार धरली आणि थांबली. भूतआई तर कधी आलीच नव्हती. मग इतकं पुण्य कुणाला दिलं, आणि पोराला मधल्या मध्ये अर्धंच पोचलं की काय, हे तिच्या मनात येऊन गेलं. मग ती म्हणाली, "माझ्या थोरल्याला." नाव घेतलं नाही, कारण त्याला नाव ठेवायच्या आतच तो गेला. भांडं रिकामं होईपर्यंत धार तिनं तोडली नाही.

झाली गोष्ट. बेडक्या आता मियांगच्या टोपल्या एका खांद्यावर नेतो आणि केओमूनच्या नातीला चिडवतो. उई राहिली नाही. पोथीचं कापड आहे, वास विरळ झाला तरी आहे.

एवढंच मागणं. तुमच्या घरी पाळणा हलेल, पेटीतून जुनं मऊ कापड काढाल, तेव्हा आधी ते हुंगून पाहा, धुऊन दोन उन्हं दाखवा. आणि हात जोडून घटकाभर त्या पोराची आठवण काढा, ज्याला नाव नव्हतं, ज्याचा रंग दोन दिवस भाजक्या विटेसारखा होता. फोंगखामचा थोरला म्हणा. तेवढं पुरेल.